पिसाची किंमत, कोंबड्याचं वर्ष

साक्रीहून सुरतेच्या रस्त्याला लागलं की दहिवेल येतं, मग कोंडाईबारीचा घाट आणि पलीकडे नवापूर, कुक्कुटपालनाचा मोठा टापू. आपल्याकडे ब्रॉयलर कोंबडीचं पांढरं पीस कोणी केसांत माळत नाही. पण २०११ साली अमेरिकेत कोंबड्याच्याच पिसांची एक जुडी ऑनलाइन लिलावात ४८० डॉलरला गेली. तिचा नेहमीचा भाव होता ४० ते ६० डॉलर. ती हवी होती केसांत लावायला!

पीस दोन्हीकडे कोंबड्याचंच, मग एवढा फरक कशाचा? वेळेचा.

ब्रॉयलर जगतो साधारण ६ आठवडे. पाठीवरून शेपटीच्या दोन्ही अंगांना झुलणारी लांब, निमुळती पिसं मात्र कोंबडा वयात आल्यावरच येतात. कोलोराडोतल्या व्हायटिंग फार्म्समध्ये या पिसांसाठी निवडून पैदास केलेले कोंबडे जवळजवळ वर्षभर सांभाळतात. मुळात ही पिसं मासेमारांची. गळाला गुंडाळली की पाण्यावर बसलेल्या माशीसारखी दिसतात आणि ट्राउट मासा फसतो. केसांत पिसं माळायची लाट आली तेव्हा पार्लरवाले थेट मासेमारीच्या दुकानांत शिरले. मागणी आठवड्यात वाढली, पण आज अंड्यातून निघालेलं पिल्लू लांब पीस देणार ते पुढच्या वर्षी.

सर्वांत जास्त ओढ होती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिसाची. हे पट्टे कोणी रंगवत नाही. पीस त्वचेतून टोकाकडून बाहेर येतं. वाढता वाढता रंगपेशी रंग भरतात, थांबतात, पुन्हा भरतात. मागावर काठ विणत जावा तसं ते पीस कोंबड्याचे दिवस विणत जातं!

केसांसारखंच पीसही केराटिनचं. म्हणून ते शाम्पूने धुता येतं, गरम इस्त्रीने सरळ करता येतं. बारीक मण्यातून केसांची बट आणि पीस एकत्र ओवायचं, पकडीने मणी दाबायचा, की ते काही आठवडे टिकतं.

पार्लरसाठी खरेदी करताना वजन पाहू नये, लांबी पाहावी. जुडीत फूटभर लांब, बारीक, एकसारखी पिसं थोडीच निघतात आणि जुडीची बरीचशी किंमत त्यांच्यातच असते. म्हणून आधी लांबीप्रमाणे निवडून घ्यावं. लांब पिसाचा दर नगावर लावावा, आखूड पिसं दोन-तीन एकत्र द्यावीत. मणी आणि हाताचा वेळ दोन्हींत धरावा.

एक पीस मात्र कोणत्याही दराने घेऊ नये, ते सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचं. त्याच्या मानेवरचे मेणाच्या थेंबांसारखे ठिपके पाहून परदेशी मासेमारांनी ती पिसं एके काळी भरपूर नेली. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

सातपुड्यात काठी गावच्या होळीला डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप चढतात. मोर पावसाळ्यानंतर आपला पिसारा झाडतो आणि तो पुन्हा फुलायला कितीतरी महिने लागतात. टोपातलं पीस असो की बटेतलं, डोक्यावर मिरवतो तो एका पाखराचा काळ.