वार्तापत्रातील आलेख आणि व्यापाऱ्याचे सत्यव्रत

व्यापाऱ्याला आकडा नवा नाही. रोजकीर्द आणि खतावणी यांवरच पेढीचा व्यवहार उभा असतो. तथापि बारा महिन्यांच्या भावांचे कोष्टक पुढे ठेविले असता त्यातील चढउतार ध्यानी येण्यास अनुभवी मुनीमासही वेळ लागतो. तीच हकीकत रेषेने दाखविली तर एका दृष्टिक्षेपात उमगते. हल्ली व्यापारी संस्थांची वार्तापत्रे ई-मेलने सभासदांच्या घरी पोचतात. त्यांत आलेख कसा द्यावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आलेखाचा व्यापाराशी संबंध फार जुना आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडची आयात व निर्यात वर्षानुवर्षे कशी बदलली, हे रेषांनी दाखविले. दोन रेषांमधील अंतर पाहताच व्यापारातील शिल्लक वा तूट कळे. स्कॉटलंडचे मात्र त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते; म्हणून निरनिराळ्या देशांशी झालेला व्यापार त्याने लहानमोठ्या स्तंभांनी दाखविला. यातून मिळणारा धडा आजही खरा आहे : कालगतीसाठी रेषा, तुलनेसाठी स्तंभ.

ई-मेलची प्रकृती संकेतस्थळाहून वेगळी असते. संकेतस्थळावरील हलते आलेख जावास्क्रिप्टवर चालतात. ई-मेलमध्ये सुरक्षिततेस्तव ती चालू दिली जात नाही. म्हणून आलेख पीएनजी चित्राच्या रूपाने धाडणे श्रेयस्कर. एसव्हीजी प्रकारची चित्रे पुष्कळ ठिकाणी दिसतच नाहीत. पत्राची रुंदी साधारणतः ६०० पिक्सेल धरतात. पण पुष्कळ सभासद ते मोबाइलवर वाचणार, हे जाणून अक्षरे ठसठशीत ठेवावीत. काही ठिकाणी वाचकाने परवानगी दिल्यावाचून चित्र उघडत नाही. यास्तव चित्रामागे पर्यायी मजकूर द्यावा आणि मुख्य निष्कर्ष आलेखावरच एका वाक्यात लिहावा. स्तंभ मोजकेच असतील तर कोष्टकाच्या घरांत रंग भरूनही ते करता येतात. चित्रे बंद असली तरी ते दिसतात. लाल व हिरवा रंग काहींना वेगळा ओळखता येत नाही. तेव्हा केवळ रंगावर विसंबून न राहता रेषेशेजारी मालाचे नाव लिहावे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. समजा, गुळाचा भाव क्विंटलला ३,८०० रुपयांवरून ३,९०० रुपये झाला. स्तंभांची मोजणी शून्याऐवजी ३,७५० पासून आरंभिली तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल! वस्तुतः वाढ अवघी अडीच टक्क्यांच्या आसपास. आकडा एकही खोटा नाही, तरी चित्र खोटे. ते पाहून एखादा लहान दुकानदार घाईने माल भरील आणि पुढे भाव उतरताच भांडवल गमावून बसेल. संस्थेच्या नावावर विसंबून त्याने खरेदी केलेली असते, हे विसरता येणार नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मापे सांगितली आहेत. फसवा आलेख हा एकाच वेळी खोटा लेख आणि खोटे माप होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. म्हणून स्तंभ नेहमी शून्यापासून उभारावेत. रेषेच्या आलेखात शून्य सोडणे काही वेळा योग्य ठरते. पण तसे केल्यास ते स्पष्ट लिहावे. बाजारपेठ, मालाची प्रत, परिमाण, दिनांक आणि आकड्यांचे मूळ ही आलेखाखाली अवश्य असावीत. कारण धाडलेले पत्र परत घेता येत नाही, आणि महिन्यांनंतर ते कोणी उघडले तर जुना भाव आजचा समजला जाण्याचे भय असते.

आपल्या पूर्वजांनी तराजूची दांडी सरळ ठेवून पेठेत पत मिळविली. आलेखाचा अक्ष हीदेखील एक दांडीच आहे. ती सरळ ठेवणे हे वार्तापत्र काढणाऱ्यांचे कर्तव्य, आणि ती सरळ आहे की नाही हे पाहून मगच सौदा करणे हे सभासद बांधवांचे.