इंजिनची सकाळची खडखड कानाआड करू नका

सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून दोन-चार सेकंद खडखड आवाज येतो आणि मग सगळं शांत होतं. ‘गाडी थंड आहे, होतं असं,’ म्हणून तुम्हीही निघून जाता का? मग जरा थांबा. हा आवाज सैल पडलेल्या टायमिंग चेनचा असू शकतो.

टायमिंग चेन करते काय?

पिस्टन वर-खाली होतात, तसा खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. या दोघांचा ताल जुळवून ठेवते ती टायमिंग चेन. दिसायला सायकलच्या चेनसारखी, पण इंजिनच्या आत, तेलात भिजलेली. मीटरवर ३,००० आरपीएम दिसतं, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटत असतो.

आजच्या बहुतेक इंजिनांमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. चेन काही दात सरकली किंवा तुटली, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला मार बसतो. मग चेन बदलून भागत नाही, इंजिन उघडावं लागतं.

चेन सैल का पडते?

टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचा असतो, हे अनेकांना माहीत असतं. चेनला सहसा अशी मुदत नसते, म्हणून ‘चेन म्हणजे आयुष्यभराची’ असा समज पसरला. ती टिकते हे खरं, पण चांगल्या तेलाच्या जोरावर.

चेनच्या कड्यांमधल्या पिना झिजल्या की ती हळूहळू लांबते. हा सैलपणा टेन्शनर सांभाळतो आणि अनेक गाड्यांत तो इंजिन ऑईलच्या दाबावरच चालतो. तेल कमी झालं किंवा खराब झालं, की चेन झिजते आणि टेन्शनरही ढिला पडतो. डिझेल गाड्यांत तेलात काजळी मिसळते, ती पिनांना आणखी घासते. स्विफ्टसह अनेक गाड्यांत आलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन चेनवरच चालतं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे अशी स्विफ्ट आता सेकंडहँडच मिळते आणि आधीच्या मालकाने तेल कसं सांभाळलं, यावर बरंच अवलंबून असतं.

ही लक्षणं ओळखा

* थंड इंजिन सुरू करताना खडखड किंवा साखळी हलल्यासारखा आवाज
* चेक इंजिनचा दिवा लागणं
* सिग्नलला उभं असताना इंजिन थरथरणं
* गाडी सुरू व्हायला वेळ लागणं, पिकअप कमी होणं
* काढलेल्या तेलात धातूचा चुरा दिसणं

यातली काही लक्षणं दुसऱ्या बिघाडांमुळेही दिसतात. म्हणून अंदाज न बांधता गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तपासून घ्या.

हे नक्की करा

* महिन्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिकने तेल बघा.
* तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच भरा. किलोमीटर आणि महिने यांपैकी जी मुदत आधी भरेल, तेव्हा ते बदला. ट्रॅफिकमध्ये किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच असतं.
* मेकॅनिकला आवाज ऐकवायचा असेल, तर गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा. गरम इंजिनमध्ये तो बऱ्याचदा येतच नाही.
* चेन बदलताना टेन्शनर आणि गाइडही बदला. जुन्या टेन्शनरवर नवी चेन म्हणजे पुन्हा तोच खर्च.
* सेकंडहँड गाडी बघायला जाताना ‘आधी सुरू करून ठेवू नका,’ असं सांगा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं, तर थंड झाल्यावर पुन्हा या. सर्व्हिसची बिलंही मागा.

चालती गाडी खडखडून अचानक बंद पडली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका आणि धक्का मारूनही सुरू करू नका. चेन सरकली असेल, तर वाचलेले व्हॉल्व्हही वाकतील. गाडी टो करून गॅरेजमध्ये न्या.

उद्या सकाळी गाडी सुरू कराल, तेव्हा म्युझिक लावण्याआधी काच खाली करा आणि पहिले पाच सेकंद फक्त इंजिन ऐका.