तापल्या हत्यारास पाणी



जून महिना लागला म्हणजे मढच्या किनाऱ्याचें रूप पालटतें. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत तेथें गेलें, कीं बोटी वाळूवर ओढून, शाकारून ठेवलेल्या दिसतात. परंतु ही विश्रांति बोटींना, माणसांना नव्हे. जाळीं सांधलीं जातात, फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, इंजिनें उघडलीं जातात आणि झिजलेले भाग दुरुस्तीसाठीं शहरांत येतात.

या भागांमध्यें पंख्याचा दांडा, म्हणजे कारखान्यांत ज्याला शाफ्ट म्हणतात तो, मोठ्या महत्त्वाचा. इंजिन बोटीच्या पोटांत, पंखा बाहेर पाण्यांत, आणि दोहोंना जोडणारा हा एकच दांडा. किनाऱ्यापासून दूर तो मोडला, तर इंजिन नुसतें गरगरत राहील आणि बोट वाऱ्याच्या व लाटांच्या स्वाधीन होईल. दांडा कापतांना त्याच्या अंगावर राहिलेला एखादा खोल ओरखडा हाच पुढें तडा जाण्याचें मूळ ठरूं शकतो. म्हणून तो दांडा ज्या हत्यारानें कातला जातो, त्या हत्याराची धार शेवटपर्यंत शाबूत राहणें ही कांहीं केवळ कारखानदाराच्या नफ्यातोट्याची गोष्ट नव्हे.

अशाच बंदीच्या दिवसांत एका परिचित नाखवांबरोबर मी जोगेश्वरीच्या एका लहानशा कारखान्यांत गेलों होतों. नवा दांडा लेथवर चढविलेला होता. लेथ म्हणजे सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं कातणाऱ्या कारागिराच्या चरकाचा पोलादी भाऊबंद, असें समजावें. दांडा गरगर फिरत होता, हत्यार त्याच्या अंगावरून सरकत होतें, आणि वरच्या नळींतून दुधासारखें पांढरें पाणी सारखें ओतलें जात होतें. तरी देखील थोड्या थोड्या वेळानें यंत्र थांबवून वृद्ध मिस्त्री हत्याराची धार बदलीत होते. मीं विचारलें, “मिस्त्री, पाणी इतकें ओततां, मग धार जळते कशी?” ते म्हणाले, “साहेब, पाणी पडतंय खरं; पण पोचायला पाहिजे तिथं पोचत नाहीं.”

आजच्या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे, तें सर्व या एका वाक्यांत सांठविलेलें आहे.

प्रथम उष्णता येते कोठून तें पाहूं. आपण सुरीनें काकडी कापतों तेव्हां ती फांकते. पोलाद तसें फांकत नाहीं. हत्याराच्या पुढें सांपडलेला धातूचा थर चेपला जातो, एका पातळ पट्ट्यावर घसरून विकृत होतो आणि कीस होऊन हत्याराच्या माथ्यावरून घांसत निघून जातो. या चेपण्यांत व घांसण्यांत यंत्राची जी शक्ति खर्च होते, ती जवळजवळ सर्व उष्णतेंत रूपांतर पावते. यंत्र तीन किलोवॉट शक्तीनें कापीत असेल, तर स्नानाचें पाणी तापविणाऱ्या एका मोठ्या विजेच्या गीझरइतकी उष्णता तेथें निर्माण होते. आणि तीही कांहीं चौरस मिलिमीटर जागेंत! साध्या पोलादांत या उष्णतेचा मोठा भाग किसाबरोबर निघून जातो, परंतु उरलेल्या भागानेंही धारेजवळचें तापमान आठशें-हजार अंशांपर्यंत चढूं शकतें.

धातू कापतांना उष्णता निर्माण होते, ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासांतही प्रसिद्ध आहे. रम्फर्ड या शास्त्रज्ञानें म्यूनिक येथील तोफखान्यांत तोफा पोखरण्याचें काम पाहिलें, तोफेच्या धातूभोंवतीं पाण्याची पेटी बसविली आणि मुद्दाम बोथट हत्यार चालविलें. सुमारें अडीच तासांत विस्तवावांचून पाणी उकळलें! १७९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगानें उष्णता हा एखादा द्रव पदार्थ आहे, या तत्कालीन समजुतीस धक्का दिला.

याच अनुभवाचा कारखान्यासाठीं उपयोग केला, तो अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर यानें. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यांत १८८३ सालीं त्याला असें आढळून आलें, कीं कीस जेथें सुटतो नेमकें तेथेंच पाण्याची जाड धार सोडली, तर कापण्याचा वेग शेंकडा चाळीसपर्यंत वाढवितां येतो. लोखंड गंजूं नये म्हणून त्या पाण्यांत तो सोडा घालीत असे. ‘नेमकें तेथेंच’ हे शब्द लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. कारण पुढील सव्वाशें वर्षांची धडपड त्या दोन शब्दांसाठींच आहे.

मध्यंतरीं हत्यारेंही बदललीं. १९२३ सालीं जर्मनींतील कार्ल श्र्योटर यानें टंगस्टन कार्बाईडची अतिकठीण पूड कोबाल्ट धातूच्या बंधनानें भाजून घट्ट करण्याची युक्ति काढली, आणि १९२७ सालीं क्रुप कंपनीनें तिला ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखें’, हें नांव देऊन बाजारांत आणलें. कार्बाईड महाग; म्हणून सबंध हत्यार त्याचें न करतां पोलादी दांडीच्या टोंकास त्याचा तुकडा डाखानें जोडीत. धार गेली, कीं दगडावर घांसून ती पुन्हां काढावी लागे. पुढें डाखाऐवजीं तो तुकडा स्क्रूनें किंवा चिमट्यानें बसविण्याची पद्धति आली. हाच आजचा इन्सर्ट. चौकोनी इन्सर्टला एका अंगास चार व उलटविल्यावर चार, अशा आठ धारा मिळतात. त्रिकोणी इन्सर्टला सहा. एक धार झिजली, कीं स्क्रू सैल करून दुसरी पुढें आणावी, आणि सर्व संपल्या, कीं तुकडाच बदलावा. स्वीडनच्या सँडविक कंपनीनें १९६० सालीं पुण्यास आपली शाखा काढली, आणि हें हत्यार महाराष्ट्रांत घरचें झालें.

आतां मिस्त्रींच्या तक्रारीकडे वळूं. मढच्या बोटीचा दांडा साध्या पोलादाचा नसून न गंजणाऱ्या, म्हणजे स्टेनलेस पोलादाचा असतो. खाऱ्या पाण्यांत दुसरें पोलाद टिकाव धरीत नाहीं. परंतु या पोलादाचा स्वभाव हट्टी. उष्णता वाहून नेण्याची त्याची शक्ति साध्या पोलादाच्या सुमारें एक तृतीयांश. त्यामुळें उष्णता दांड्यांत पसरत नाहीं, ती धारेपाशींच साचते. बोथट धारेनें घांसलें, तर त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होतो. आणि त्याचा कीस तुटत नाहीं. लांबच लांब दोऱ्यासारखा निघून हत्याराभोंवतीं गुंडाळतो. वरून ओतलेलें पाणी या किसाच्या पाठीवर पडतें. पावसांत छत्रीखालीं उभ्या असलेल्या माणसाचें डोकें जसें कोरडें राहतें, तशीच किसाखालीं धार कोरडी राहते.

याहून दुसरी एक अडचण आहे, ती आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. घावनासाठीं तवा तापला कीं नाहीं हें पाहण्यास त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. तवा बेताचा तापला असेल, तर थेंब चर्रकन् आटतो. फार तापला असेल, तर तोच थेंब मोत्यासारखा नाचत राहतो. कारण थेंब व तवा यांच्यामध्यें वाफेचा पातळ पडदा तयार होतो आणि तो उष्णतेला पाण्यापर्यंत येऊं देत नाहीं. तापलेल्या इन्सर्टवर मंद पाणी ओतलें, म्हणजे हाच प्रकार घडतो. पाणी आहे, आणि तरीही नाहीं.

यावर उपाय असा, कीं पाणी बाहेरून न ओततां हत्याराच्या पोटांतून आणावयाचें. इन्सर्ट ज्या दांडींत बसतो तिला आंतून बारीक नळीसारखें छिद्र पाडतात, आणि त्याचें तोंड धारेपासून अगदीं थोड्या अंतरावर उघडतात. कांहीं हत्यारांत अशीं तोंडें दोन असतात. वरचें तोंड कीस व इन्सर्टचा माथा यांच्यामधील फटींत पाणी मारतें. खालचें तोंड नुकताच कापलेला पृष्ठभाग व इन्सर्टची बाजू यांच्यामध्यें. धार पुढें सरकते तेथें झरा तिच्याबरोबर सरकतो. नेम चुकण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

याला जोराची जोड मिळाली, तर आणखी एक लाभ होतो. मोठ्या कारखान्यांतून सत्तर बारपर्यंत दाब देणारे पंप असतात. सत्तर बार म्हणजे सुमारें सातशें मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. या दाबानें सुटलेली धार, घर्षण सोडून हिशेब केला, तर सेकंदास एकशें अठरा मीटर वेगानें जाते. ती वाफेचा पडदा फोडते, किसाखालीं पाचरीसारखी शिरते, त्यास उचलते आणि त्याचे लहान लहान तुकडे करते. हत्यारास दोऱ्याप्रमाणें गुंडाळणारा कीस तुटूं लागला, म्हणजे दांड्यावर ओरखडे पडण्याचें भय पुष्कळ कमी होतें. मात्र इतक्या बारीक छिद्रांत किसाचा एखादा कण अडकला, तर सर्व योजना फसते. म्हणून पाणी गाळून घेणें हें या पद्धतींत पहिलें कर्तव्य होय.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. पाणी जितकें अधिक तितकें बरें, असा नियम मात्र नाहीं. तापलेल्या कांचेवर गार पाणी पडलें, कीं ती तडकते. कार्बाईडचेंही थोडें तसेंच आहे. मिलिंगसारख्या कामांत धार क्षणांत धातूंत शिरते व क्षणांत बाहेर येते. अशा वेळीं पाण्यामुळें ती सारखी तापते-निवते आणि तिच्यावर फणीच्या दातांसारख्या भेगा पडतात. म्हणून पोलादावर असें काम करतांना पुष्कळदां पाणी मुळींच न वापरणें श्रेयस्कर ठरतें. अखंड कापण्याच्या कामांतही, धार धातूस लागण्यापूर्वीं पाणी सुरू व्हावें व शेवटपर्यंत खंडूं नये. मध्येंच आठवण होऊन बादलीभर ओतणें हें सर्वांत वाईट.

आतां त्या दुधासारख्या पाण्याविषयीं. शंभर भागांत सुमारें पांच ते दहा भाग विशिष्ट तेल व बाकीचें पाणी, असें तें मिश्रण असतें. पाणी उष्णता नेतें, तेल घर्षण व गंज आवरतें. मिश्रण करतांना तेल पाण्यांत घालावें. पाणी तेलांत नव्हे, नाहीं तर तें नीट मिसळत नाहीं. काम चालू असतां पाणी उडून जातें व तेलाचें प्रमाण वाढतें. नुसतें पाणी भरीत गेल्यास तें घटतें. म्हणून लहानशा उपकरणानें तें वरचेवर मोजावें लागतें. टांकी सुटीच्या दिवशीं स्थिर राहिली, कीं तींत जंतु वाढतात, आणि पुन्हां काम सुरू होतांच सकाळीं कारखान्यांत कुजकी घाण सुटते. अशा पाण्यांत दिवसभर बुडणाऱ्या हातांना खाज व चट्टे उठतात. उडणारे तुषार श्वासावाटे छातींत जातात. मिस्त्रींनीं मला आपले हात दाखविले तेव्हां हा विषय माझ्यापुरता केवळ यंत्रशास्त्राचा राहिला नाहीं. हत्यार जपण्यासाठीं जें आणावयाचें, त्यानें हत्यार धरणारा हात नासतां कामा नये. टांकी वेळोवेळीं रिकामी करून धुणें, वर तरंगणारें यंत्राचें तेल काढून टाकणें, यंत्राभोंवतीं आडोसा लावणें आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुणें, या गोष्टी नव्या पंपाहून कितीतरी स्वस्त आहेत.

आणि शेवटचा प्रश्न : हें पाणी निरुपयोगी झालें, म्हणजे जातें कोठें? गटारांत ओतून देणें सर्वांत सोपें. परंतु जोगेश्वरी-गोरेगांवच्या वस्त्यांमधून वाहणारी ओशिवरा नदी मालाडच्या खाडीस मिळते, आणि ती खाडी वेसावे व मढ यांच्यामधून समुद्रास. तेव्हां ज्या नाखव्याचा दांडा कातला, त्याच्याच मासळीच्या पाण्यांत तें तेल जाऊन पडावयाचें! वापरलेलें तेल कायद्यानेंही घातक कचऱ्यांत गणलें आहे. तेल व पाणी वेगळें करून तेल योग्य ठिकाणीं सोंपविणें लहान कारखान्यास एकट्यानें जड जाईल. परंतु एका वसाहतींतील दहा-वीस कारखान्यांनीं मिळून तें करणें अशक्य नाहीं.

त्या दिवसानंतर पुन्हां एकदां मी त्या कारखान्यांत गेलों. सत्तर बारचा पंप कांहीं तेथें आलेला नव्हता. मिस्त्रींनीं पोटांत छिद्र असलेली एक दांडी बसविली होती, जुन्या पंपालाच गाळणी लावून तिला नळी जोडली होती, आणि टांकी धुतलेली दिसत होती. एक धार आतां पूर्वींपेक्षां बराच वेळ टिकते, असें ते म्हणाले. बाहेर नाखवा आपला दांडा टेंपोंत चढवीत होते. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, आणि त्यांना मढला पोहोंचण्याची घाई होती.