पेशीचे बिघडलेले कारभारी

शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत जनुकांचे संपूर्ण दप्तर असते. त्यातील कोणता कागद केव्हा उघडावयाचा, हे काही प्रथिने ठरवितात. ती पेशीचे कारभारीच होत. त्यांत बिघाड झाल्यास कर्करोग कसा उद्भवतो, हे रक्ताच्या ‘प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ या रोगात स्पष्ट दिसते. १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एका कारभाऱ्यास परके प्रथिन जडते, आणि पेशींना पक्वता आणणारे कागद मिटलेलेच राहतात. अपक्व पेशी माजतात. पूर्वी रोगी बहुधा रक्तस्रावाने दगावे. १९८८ साली शांघायच्या डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे आम्ल २४ रोग्यांस दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या औषधाने रोगट पेशी मारल्या नाहीत, तर पक्व केल्या. पुढे त्यास सोमलाची जोड मिळाली; तो ते विकृत प्रथिनच मोडून काढतो. वेळीच उपचार झाल्यास आज बहुतेक रोगी बरे होतात.