जंताची गोळी: दुसरा डोस का?

मुलाला जंताची गोळी दिली, तरी पंधरा दिवसांत रात्रीची गुदद्वाराची खाज परत आली? गोळी खोटी नव्हती. अल्बेंडाझोलमुळे जंतांना साखर शोषता येत नाही, ते उपाशी मरतात. सुतकृमींची अंडी मात्र नखांत, चादरींवर उरतात. म्हणून २ आठवड्यांनी दुसरा डोस, आणि दोन्ही वेळा घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. २ वर्षांनंतर ४०० मिलिग्रॅमची एक गोळी; ३ वर्षांपर्यंत चुरा करून पाण्यातून, त्यापुढे चावून. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरा करून पाण्यातून. त्याहून लहान बाळाला किंवा दिवस गेले असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कुणाला पूर्वी फिट आली असेल तर तेही आधी सांगा. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील, तर या औषधाने तिथे सूज येऊन पुन्हा झटका येऊ शकतो.