स्कुबाचे सामान: पार्सलने की दुकानातून?

स्कुबा डायव्हिंगच्या सामानाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. मास्क, स्नॉर्केल, फिन, बूट आणि वेटसूट ही अंगाला लागून असणारी चीजवस्तू. दुसरा भाग हवेचा: सिलिंडर, त्यातली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर, पाण्यात वर-खाली होण्यावर ताबा देणारे बीसीडी नावाचे जाकीट आणि सिलिंडरमधला दाब दाखवणारे मीटर. पहिल्या भागात खरेदी चुकली तर सहलीचा विरस होतो. दुसऱ्या भागात चुकली तर जिवावर बेतते. ऑनलाइन घ्यावे की दुकानातून, हे ठरवताना आधी हा फरक पाहावा लागतो, किंमत नंतर.

सोलापूरकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शहरातला सिद्धेश्वर तलाव, बाहेरचा हिप्परगा तलाव आणि भीमेवरचे उजनी धरण हे इथले मोठे पाणी, आणि त्या गढूळ पाण्यात हौशी स्कुबासाठी पाहण्यासारखे काही नाही. स्कुबासाठी घाट उतरून मालवण-तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला किंवा थेट अंदमानला जावे लागते. शहरातल्या खेळाच्या दुकानांत पोहण्याचे गॉगल आणि टोप्या मिळतात. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करणारा माणूस समुद्राकाठी, नाहीतर पुण्या-मुंबईत गाठावा लागतो. त्यामुळे ‘जवळचे दुकान’ म्हणजे घराजवळचे नव्हे, तर जिथे बुडी मारायची तिथले, असाच अर्थ इथे घ्यावा लागतो. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे आणि मालवणच्या किनाऱ्यावर खासगी केंद्रे आहेत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास एकदाच बुडी मारून फोटो काढून परतणाऱ्याने काहीही विकत घेऊ नये. सामान आणि सोबतचा प्रशिक्षक शुल्कातच धरलेले असतात. खरेदीचा प्रश्न येतो तो रीतसर अभ्यासक्रम करून, म्हणजे १८ मीटरपर्यंत जाण्याचे पहिले प्रमाणपत्र घेऊन, वर्षातून काही वेळा समुद्रावर जाणाऱ्यांसाठी.

पहिली खरेदी बहुधा मास्कची असते, आणि ती तशीच असावी. पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही, कारण नाक बाहेर राहते. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. तो मास्कच्या आतल्या हवेवरही पडतो आणि नाकाने थोडी हवा आत सोडून त्याची भरपाई करावी लागते. गॉगलमध्ये ती सोय नाही, मग डोळ्यांच्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. मास्कची काच टेम्पर्ड असावी, कडा सिलिकॉनची असावी, हे छायाचित्राखालच्या मजकुरात वाचता येते. तो चेहऱ्याला बसेल की नाही, हे मात्र वाचून कळत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क पडला नाही तर तो आपला. ही परीक्षा दुकानात अर्ध्या मिनिटात होते. ऑनलाइन घेतल्यास पार्सल फोडल्यावरच होते. झुपकेदार मिशी असेल तर कुठलाही महागडा मास्क थोडा गळतोच. नाकाखालची मिशी जरा कातरणे हा त्यावरचा फुकटचा उपाय, पण तो सुचवायची हिंमत विक्रेत्यापाशी असावी लागते.

चष्मा असणाऱ्यांसाठी काही मॉडेलमध्ये नंबरच्या काचा बसतात. त्या सहसा अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. पाण्याखाली वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसत असल्याने किरकोळ फरक खपून जातो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर मास्क सारखा धुरकटतो. काचेवर खास लेप असेल तर ती घासायची नसते. दुकानदार हे तोंडी सांगतो. पार्सलमधल्या बारीक अक्षरांच्या कागदावरही ते असते, पण तो कागद फारसे कोणी वाचत नाही, आणि पहिल्या बुडीत मासे दिसले नाहीत म्हणून मास्कला एक तारा देऊन लोक मोकळे होतात.

स्नॉर्केल ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. त्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केल-मास्क मात्र पृष्ठभागावर तरंगत पाहण्यासाठी असतात. ते घालून सिलिंडर लावता येत नाही, आणि त्यांच्या जाहिरातींतून हे नेहमी स्पष्ट होत नाही. फिनचे मात्र चपलेसारखे आहे. एका कंपनीचा आठ नंबर दुसरीचा नऊ असतो, आणि टाच उघडी असलेले फिन बुटासकट घालून पाहावे लागतात. वेटसूटमध्ये ही अडचण दुप्पट. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने खेचते. वेटसूट अंगालगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो आणि सूटचे निओप्रीन, म्हणजे फेसाळ रबर, ऊब राखते. सूट सैल असला तर आतले पाणी सतत बदलत राहते आणि सूट असून नसल्यासारखा होतो. मालवण-गोव्याच्या कोमट पाण्याला ३ मिलिमीटर जाडी पुरते. परदेशी मापांचे तक्ते परदेशी अंगकाठीवरून बेतलेले असतात, म्हणून छाती, कंबर आणि उंची तिन्ही तक्त्यात बसली तरच सूट पार्सलने मागवावा. एक जरी माप दोन आकड्यांच्या मध्ये अडकले तर घालून पाहणे बरे. चादर घेताना हातात धरून वजन आणि वीण पाहणाऱ्या सोलापूरकरांना हे समजवावे लागणार नाही.

रेग्युलेटरपासून गोष्ट बदलते. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास नव्वदपट असतो. सिलिंडरच्या तोंडावरचा पहिला टप्पा तो उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा ९-१० बारने जास्त इतका आणतो. तोंडातला दुसरा टप्पा श्वास घेताच तेवढ्यापुरती हवा भोवतालच्या दाबाने सोडतो. जॅक-इव्ह कूस्टो आणि एमिल गान्यां यांनी १९४३मध्ये फ्रान्समध्ये ॲक्वालंग सिद्ध केले तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. आत पडदे, स्प्रिंग, रबरी कड्या असतात, आणि त्या झिजतात. बहुतेक कंपन्या वर्षाकाठी तपासणी सांगतात आणि ठरावीक काळाने सुटे भाग बदलायला लावतात. ते काम त्या कंपनीचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञच करू शकतो. तेव्हा रेग्युलेटर घेताना विचारायचा प्रश्न हा, की याचे सुटे भाग आणि तो उघडणारा हात भारतात कुठे मिळेल. परदेशी संकेतस्थळावर तीस टक्क्यांनी स्वस्त दिसलेला रेग्युलेटर तपासणीसाठी सिंगापूरला पाठवावा लागला तर ती सवलत पहिल्या वर्षीच संपते. काही कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच हमी देतात, आणि दुबईच्या किंवा अमेरिकेच्या नातेवाइकाने आणलेल्या मालाची हमी इथे चालेलच असे नाही.

जोडणीचाही प्रश्न आहे. रेग्युलेटर सिलिंडरला ‘योक’ म्हणजे शिकंजा पद्धतीने बसतो किंवा ‘डिन’ म्हणजे आट्यांच्या पद्धतीने. आपल्याकडच्या केंद्रांत योकचे सिलिंडर सर्रास दिसतात. डिन रेग्युलेटरला अडॅप्टर लागतो, आणि तो नेमका घरी विसरतो.

सिलिंडर विकत घेण्याच्या भानगडीत हौशी माणसाने पडूच नये. सर्वत्र वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असताना साधारण १४ किलोचा असतो. भारतात दाबाखालच्या वायूंचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. परदेशातून सिलिंडर आणायला परवाना लागतो, ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाची चाचणी करून शिक्का घ्यावा लागतो. तो भरायचा कंप्रेसरही श्वसनाच्या हवेसाठी बनवलेला, गाळणी असलेलाच हवा. गॅरेजच्या कंप्रेसरमधली हवा तेलकट असते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. दवाखान्यातला ऑक्सिजन तर मुळीच नको. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरखाली विषारी ठरून झटके आणू शकतो. केंद्रावर भरलेला सिलिंडर भाड्याने मिळतो, तो घ्यावा.

ऑनलाइन बाजारात अलीकडे दिसणारी एक वस्तू ग्रामीण भागात जास्त धोक्याची आहे. अर्ध्या लिटरचा छोटा सिलिंडर, त्यावरच बसवलेला तोंडाचा भाग आणि सोबत हातपंप. विहिरीत अडकलेली मोटार काढायला किंवा शेततळ्यात उतरायला हे बरे, असे वाटणे साहजिक आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. अर्धा लिटर जागेत २०० बारने भरलेली हवा म्हणजे सुमारे १०० लिटर. माणूस मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो, म्हणजे पृष्ठभागावरच ती पाच-सहा मिनिटे पुरेल, आणि १० मीटर खोलीवर दुप्पट दाबामुळे त्याच्या निम्मी. घाबरलेल्या माणसाला त्याहून कमी. खरे संकट परत येताना असते. १० मीटरवर घेतलेला पूर्ण श्वास रोखून वर आल्यास छातीतली हवा पसरून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हा धोका माहीत नसतो, कारण वरून श्वास भरून बुडी मारणाऱ्याला तो नसतो. तो पाण्याखाली दाबाची हवा घेणाऱ्यालाच असतो. अभ्यासक्रमात श्वास कधीही रोखू नये हा पहिला धडा असतो. ‘आता खरेदी करा’चे बटण तो शिकवत नाही. चांगले केंद्र प्रमाणपत्र नसलेल्याला सिलिंडर देत नाही, आणि दुकानाची ही अडवणूक उपयोगाची आहे.

बुडीची खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च, पाणी न शिरणारी पिशवी, चाकू यांना दुकानाची गरज कमी. कॉम्प्युटर जगभर सारखाच असतो. बॅटरी घरी बदलता येते की सेवाकेंद्रात, एवढे पाहून तो अधिकृत ऑनलाइन विक्रेत्याकडून घ्यावा. बीसीडी मधल्या जागी येते. माप चुकले तर ते पाण्यात अंगावर वर सरकते, म्हणून केंद्रावर भाड्याने दोन-तीन प्रकार वापरून मग आवडलेले मॉडेल कुठूनही मागवणे हा शहाणा मार्ग. त्या केंद्रवाल्याला थोडे वाईट वाटेल, पण सेवा त्याच्याकडेच येणार असते.

परदेशी संकेतस्थळावरची किंमत शेवटची नसते. कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच तुलना करावी. देशातल्या ऑनलाइन विक्रीला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत: विक्रेत्याचे नाव-पत्ता, मालाचा मूळ देश, परतीच्या अटी दाखवणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी प्रकरण सोलापुरात चालू शकते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. परदेशातल्या विक्रेत्यापर्यंत हा हात सहज पोचत नाही. दुकानदारही साधुसंत नसतो. तो आपल्याकडे असलेला ब्रँडच उत्तम म्हणतो, आणि अडलेल्या पर्यटकाला किनाऱ्यावर मास्क दीडपट भावाने विकतो. म्हणून भाव आधी ऑनलाइन पाहून जावे. बिल आणि रेग्युलेटरचा क्रमांक लिहिलेले हमीपत्र दोन्हीकडे मागावे.

जुने सामान घ्यायचे तर फिन घ्यावेत, रेग्युलेटर सेवेचा खर्च किमतीत धरूनच. जुना वेटसूट घडीच्या जागी चपटा पडलेला असेल तर त्याची ऊब गेलेली असते.

घेतलेले सामान टिकते ते गोड्या पाण्यामुळे. खारे पाणी वाळले की रेग्युलेटरमध्ये मिठाचे कण बसतात. सोलापूरला वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाला पाणी मिळत आले आहे, तेव्हा हे काम घरी येईपर्यंत लांबवू नये. मालवणातच केंद्राच्या टाकीत, पहिल्या टप्प्याचे झाकण घट्ट लावून, सामान खळबळून घ्यावे आणि सावलीत निथळू द्यावे. घरी वेटसूट रुंद हँगरवर टांगावा. पत्र्याखालच्या माळ्यावर काही ठेवू नये. चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात निओप्रीन आणि रबर लवकर कडक होतात. रेग्युलेटर तपासणीला पावसाळ्यात पाठवावा. तेव्हा किनाऱ्यावरच्या बुड्या बंद असतात आणि तंत्रज्ञाला वेळ असतो.