आधार कोणाचा, भार कोणावर?

मुंबईच्या उपनगरांतील दलित कुटुंब अडचणीत कोणाच्या बळावर तगते, असे विचारले की आपले कार्यकर्ते मंडळ, युनियन आणि पक्ष यांची नावे घेतात. ती खोटी नाहीत. परंतु घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर घ्या किंवा मुलुंडच्या डोंगरउतारावरची वस्ती घ्या. आजारपण, बाळंतपण, मयत, सुटलेली नोकरी अशा वेळी पहिली धाव शेजारणीकडे असते. या आधाराला पावतीपुस्तक नाही, म्हणून तो कोणी हिशेबात धरत नाही.

तो चालतो कसा ते पाहू. दहा बायका दरमहा पाचशे रुपये भिशीत घालतात. ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिला पाच हजार एकरकमी मिळतात. एखादीचे मूल दवाखान्यात असेल तर चिठ्ठी बाजूला ठेवून तिला पहिला नंबर देतात. मयताच्या घरी चूल पेटत नाही. पिठले-भाकरी शेजारून येते. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन होते, तेथे जमलेल्या बायकांना कोणाच्या घरी काय अडले आहे तेही कळते.

पुरुषांचेही जाळे असते. गावमंडळ, कामाचा नाका, युनियन यांतून नोकरीची ओळख निघते, दाखला मिळतो, पुढारपणही मिळते. बाईच्या जाळ्यात तिचा वेळ आणि अंगमेहनत जाते. पद मिळत नाही. दूर इथिओपियातही मयतीच्या खर्चासाठी ‘इदिर’ आणि भिशीसारखी ‘इकुब’ आहे. तेथील दक्षिणेकडच्या हादिया समाजात एनसेट या केळीसारख्या झाडापासून अन्न काढण्याचे कष्टाचे काम बायका एकमेकींच्या साह्याने करतात. गरिबांनी जगण्यासाठी काढलेल्या वाटा सारख्याच दिसतात.

मात्र या शेजारधर्माचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. तो परतफेडीवर चालतो. जी विधवा किंवा परित्यक्ता भिशीचा हप्ता भरू शकत नाही, तीच आधी जाळ्याबाहेर पडते. मार खाऊन आलेल्या बाईला शेजारीण रात्रभर आसरा देते, पण सकाळी ‘आता घरी जा, नांद’ असेच सांगते. आणि आई दुसऱ्याच्या दुखण्याला धावली की घरची चूल मुलीकडे येते. आमच्या वर्गात परीक्षेच्या तोंडावर गैरहजर राहणाऱ्या मुलींना कारण विचारून पाहा.

म्हणून शेजाराला संघटनेचे आणि हक्काचे बळ लागते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला. घरातला प्रश्न त्यांनी व्यासपीठावर आणला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणगावातील खानावळवाल्या बायका गट करून एकमेकींना जामीन राहिल्या आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. ओळखीच्या विश्वासालाच तेथे पत आली.

आज हा प्रश्न तातडीचा आहे. उपनगरांत झोपड्यांच्या जागी इमारती उठत आहेत. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा माणसे गमावलेल्या रमाबाई नगराचाही पुनर्विकास हाती घेतला आहे. पुनर्वसनाच्या नियमांनुसार खोली पती-पत्नीच्या संयुक्त नावावर व्हायची असते. तो हक्क प्रत्येक घरात पोचला का, हे पाहणे आपले काम आहे. गल्लीतल्या दहा जणी दहा मजल्यांवर विखुरल्या तर नोंद फक्त खोल्यांची होईल. मोडलेल्या भिशीची आणि मूल सांभाळणाऱ्या शेजारणीची होणार नाही. तेव्हा एका गल्लीतील कुटुंबांना लगतच्या खोल्या, इमारतीत पाळणाघर आणि सोसायटीच्या कमिटीत बायकांना खरा अधिकार, या मागण्या कार्यकर्त्यांनी आताच लावून धरल्या पाहिजेत. वस्तीची पाहणी करायला जाताना कागदावर आणखी एक प्रश्न लिहून न्यावा: या घरातली बाई अडचणीत कोणाकडे जाते? आणि तो प्रश्न तिलाच विचारावा.